असेंब्लीचे दोन पडदे
(यंत्ररेखा : लेखांक ८)

मागच्या आठवड्यापर्यंत आपण कॅडमध्ये एकेक सुटा पार्ट काढत होतो. तेवढ्याला एक मॉनिटर भरपूर झाला. आता हे पार्ट एकमेकांना जोडायचे, म्हणजे असेंब्ली करायची, आणि इथे जागा अपुरी पडू लागते. दुसरा मॉनिटर घ्यावा का, असा प्रश्न देवळी एमआयडीसीतल्या छोट्या कारखानदाराला पडेल, तसाच पिपरीच्या बजाज इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकणाऱ्या मुलीलाही. माझे मत आहे की घ्यावा, पण आधी त्यावर काय उघडे ठेवायचे ते ठरवावे. नुसते मॉडेल मोठे दिसावे म्हणून घेतलेला दुसरा पडदा फारसा उपयोगी पडत नाही.

वर्ध्यात बसून उदाहरण निवडायचे तर चरखाच निवडावा. मगनवाडीच्या मगन संग्रहालयाचे उद्घाटन गांधीजींनी ३० डिसेंबर १९३८ रोजी केले, आणि चरख्याच्या रचना कशा बदलत गेल्या ते तिथे पाहता येते. त्याच मगनवाडीत महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था, म्हणजे आपली एमगिरी, ग्रामोद्योगाच्या यंत्रांवर काम करते; सौर चरख्याचेही काम तिथे झाले आहे. १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. त्याच्या अटी कोणत्याही डिझायनरने वाचाव्यात अशा आहेत. आठ तासांत १६,००० फूट सूत निघावे, कातणारी दमू नये, किंमत १५० रुपयांच्या वर जाऊ नये, चरखा वीस वर्षे टिकावा आणि दुरुस्तीचा खर्च वर्षाला किमतीच्या पाच टक्क्यांच्या आत राहावा. या अटी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. भाग मजबूत केला की वजन आणि किंमत वाढते; वेग वाढवला की झीज वाढते. असेंब्लीत रोज भेटणारी अडचण हीच आहे.

अशा गुंतागुंतीचा नमुना म्हणून अंबर चरख्याचे रोलर घेऊ. पेळूतला कापूस मागच्या रोलरजोडीतून पुढच्या जोडीकडे जातो. पुढची जोडी जास्त वेगाने फिरते, म्हणून तंतू ताणले जाऊन पेळू बारीक होतो. दोन्ही जोड्यांतल्या रोलरांचा व्यास सारखा आणि वेगाचे प्रमाण आठपट असेल, तर पेळू आठपट बारीक होईल. या दोन जोड्यांच्या पकडींमधले अंतर तंतूच्या लांबीपेक्षा किंचित जास्त हवे. ते कमी पडले तर एकच तंतू दोन्हीकडे धरला जातो आणि तुटतो. जास्त झाले तर आखूड तंतू मध्येच मोकळे सुटतात आणि सूत जाड-बारीक निघते. म्हणून कापूस बदलला की हे अंतर बदलावे लागते.

समजा, मागचा रोलर दोन मिलिमीटर मागे न्यायचा आहे. ऐकायला क्षुल्लक वाटते, पण हा रोलर ज्या मधल्या गिअरवर चालतो तिथे पाहा. मॉड्यूल (व्यास भागिले दाते) दीड, दाते २० आणि ४०. म्हणजे दोन्ही चाकांच्या केंद्रांतले अंतर ४५ मिलिमीटर. दाते एकमेकांत जातात ती खोली मॉड्यूलच्या दुप्पट, म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटर. रोलर मधल्या गिअरपासून सरळ रेषेत दूर गेला तर त्यातले दोन संपले. आता मधला गिअर सरकवायला हवा, त्यासाठी ब्रॅकेटचे भोक लांबट करायला हवे, आणि ते केले की झाकण ब्रॅकेटला घासते का ते पाहायला हवे.

एका पडद्यावर हे करताना ब्रॅकेट उघडला की असेंब्ली झाकली जाते, असेंब्ली उघडली की ड्रॉइंग झाकले जाते. माप डोक्यात धरून खिडक्या बदलाव्या लागतात आणि चूक तिथे शिरते. दोन पडदे असतील तर समोर ब्रॅकेट, बाजूला अख्खी असेंब्ली. भोक वाढवले, दुसऱ्या खिडकीत जाऊन मॉडेल रिबिल्ड केले, की कोणता मेट (दोन पार्ट जोडणारी अट) तुटला आणि कोणता भाग कशात घुसला ते तिथल्या तिथे दिसते.

याचा आणखी एक फायदा मला फार मोलाचा वाटतो. जागा नसली की पुष्कळ जण असेंब्लीच्या आतूनच पार्ट बदलतात. मग शेजारच्या पार्टची कड नकळत संदर्भ म्हणून धरली जाते आणि काही महिन्यांनी झाकण बदलले की ब्रॅकेटही आपोआप बदलतो. पार्ट स्वतंत्र खिडकीत उघडला आणि असेंब्ली बाजूला नुसती पाहायला ठेवली, तर हे लपलेले धागे तयारच होत नाहीत.

कॅडवाल्यांची दोन पडद्यांची सवय जुनी आहे. ऑटोकॅड १९८२ मध्ये आले. त्या काळच्या पीसीत एकरंगी मजकुराचे कार्ड आणि रंगीत चित्रांचे कार्ड मेमरीतले वेगवेगळे पत्ते वापरत, म्हणून दोन्ही एकाच यंत्रात चालू शकत. एका पडद्यावर आज्ञा टाईप करायच्या, दुसऱ्यावर रेषा उमटायच्या. विंडोजमध्ये अनेक मॉनिटरांची सोय आली ती विंडोज ९८ पासून.

नवा मॉनिटर घेण्याची घाई मात्र नको. कपाटात पडलेला जुना चौकोनी १९ इंची मॉनिटर बाजूला लावा. पार्टांची लांबलचक ट्री किंवा ड्रॉइंगची पीडीएफ त्यावर छान मावते. मुख्य मॉनिटर नाकासमोर हवा, दुसरा बाजूला थोडा तिरका. दोघांमधली फट बरोबर समोर आली तर मान दिवसभर वळलेली राहते. मुख्य मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टलाच लावा. ती मदरबोर्डच्या पोर्टला गेली तर मॉडेल अनेकदा साध्या ग्राफिक्सवर चालते आणि फिरवताना अडखळते. असेंब्ली आधीच रांगत असेल तर पैसे आधी रॅमवर घाला, मॉनिटर नंतर बघू. खिडकी दुसऱ्या पडद्यावर न्यायला विंडोज, शिफ्ट आणि डाव्या किंवा उजव्या बाणाची कळ एकत्र दाबा.

पुढच्या लेखांकात याच रोलरांचे मेट लावू. त्यासाठी ब्रॅकेट, दोन रोलर आणि तीन गिअर असे सहा पार्ट वेगवेगळ्या फाइलींत तयार ठेवा.