गणित बरोबर, उत्तर चूक

जानेवारीत सबमिशनची रात्र जागताना कधी हॉस्टेलच्या गच्चीवर गेलात, तर दक्षिणेकडे एक लखलखीत तारा दिसेल. तो व्याध, रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. त्याच्या खाली, क्षितिजाच्या बाजूला, हात लांब करून धरलेल्या मुठीपेक्षा जरा जास्त अंतरावर अधारा नावाचा तारा आहे. तसा ठळक आहे बिचारा, पण व्याध शेजारी असताना त्याच्याकडे बघतो कोण?

आता कल्पना करा, आपल्या डोळ्यांना साध्या प्रकाशाऐवजी टोकाचा अतिनील प्रकाश दिसतो. याला एक्स्ट्रीम अल्ट्राव्हायोलेट, थोडक्यात ईयूव्ही म्हणतात. तरंगलांबी साधारण १० ते ९१ नॅनोमीटर. या डोळ्यांनी पाहिले तर चित्र उलटे होते. व्याधाचा मोठा तारा जवळजवळ नाहीसा होतो आणि त्याचा पृथ्वीएवढा लहान जोडीदार, म्हणजे व्याध-ब हा श्वेत बटू तारा, झगमगू लागतो. आणि सगळ्या ताऱ्यांमध्ये पहिला नंबर लागतो तो अधाराचा!

गंमत म्हणजे हे आकाश कधी दिसूच शकणार नाही, असे अनेक वर्षे मानले जात होते. आणि ते मानणारे लोक अडाणी नव्हते. त्यांच्याकडे गणित होते.

गणित काय होते?

ओझोन आणि हवेमुळे ३०० नॅनोमीटरच्या खालचा अतिनील प्रकाश जमिनीवर पोचत नाही, हे आपल्याला माहीत आहे. उपाय सोपा, दुर्बीण हवेच्या बाहेर न्या. पण ९१.२ नॅनोमीटरच्या खाली दुसरीच अडचण येते. फर्स्ट इयरच्या फिजिक्समधला बोरचा अणू आठवा. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन सोडवायला १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. फोटॉनची ऊर्जा म्हणजे १२४० भागिले तरंगलांबी (नॅनोमीटरमध्ये). १२४० ला ९१.२ ने भागा, उत्तर १३.६. म्हणजे याहून आखूड लांबीचा फोटॉन हायड्रोजनच्या अणूला भेटला की इलेक्ट्रॉन सुटतो आणि फोटॉन संपतो. आणि ताऱ्यांमधल्या जागेत भरून आहे तो मुख्यतः हायड्रोजनच!

आता कागद-पेन घ्या. त्या काळच्या समजुतीप्रमाणे ताऱ्यांमधल्या जागेत दर घन सेंटिमीटरला सरासरी एक अणू धरा. ९१.२ नॅनोमीटरला एका अणूचे शोषणाचे क्षेत्रफळ ६.३ गुणिले १० चा उणे १८ वा घात चौरस सेंटिमीटर. यावरून फोटॉन सरासरी किती अंतर टिकेल? फक्त ०.१७ प्रकाशवर्षे. आपल्या सूर्याला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे तब्बल २५ पट. ई चा उणे २५ वा घात काढा. सुमारे ७,२०० कोटी फोटॉन निघाले तर एक पोचणार. सर्वांत जवळच्या ताऱ्याची ही कथा, मग लांबच्यांचे विचारायलाच नको.

१९५९ साली लॉरेन्स अ‍ॅलर या खगोलशास्त्रज्ञाने असाच हिशेब मांडला आणि हा पट्टा निरीक्षणासाठी बंद आहे असा निष्कर्ष निघाला. जिथे काही दिसणारच नाही तिथे दुर्बीण कशाला पाठवायची? दार लावून टाकले गेले.

चूक कुठे होती?

समीकरणात चूक नव्हती. चूक होती ती आपण पटकन ‘धरा’ म्हणून पुढे गेलो त्या एका आकड्यात. दर घन सेंटिमीटरला एक अणू ही सरासरी होती. पण ताऱ्यांमधला वायू डब्यात भरल्यासारखा सारखा पसरलेला असतो हे कोणी मोजले होते?

१९७२ साली कोपर्निकस हा उपग्रह सुटला. तो ९१.२ नॅनोमीटरच्या वरच्या अतिनील प्रकाशात पाहत होता. जवळच्या ताऱ्यांच्या वर्णपटात हायड्रोजनची शोषणरेषा किती रुंद आहे हे पाहून वाटेत किती हायड्रोजन आहे ते काढता येते. उत्तर आले, वायू विस्कळीत आहे आणि सूर्याच्या आसपास अपेक्षेपेक्षा खूपच विरळ आहे. प्रॉक्सिमाच्या दिशेने दर घन सेंटिमीटरला साधारण ०.१ अणू.

आता तेच गणित पुन्हा करा. २५ च्या जागी २.५ येतात. ई चा उणे २.५ वा घात म्हणजे शंभरातले आठ! घनता फक्त दहापट कमी झाली आणि ७,२०० कोटीत एकाचे शंभरात आठ झाले. एक्स्पोनेन्शियल फंक्शन काय चीज आहे ते इथे कळते. शिवाय तरंगलांबी कमी केली की हायड्रोजनचे शोषण तिच्या घनाच्या प्रमाणात घटते. ६० नॅनोमीटरला प्रॉक्सिमाचे जवळजवळ निम्मे फोटॉन पोचतात. (५०.४ च्या खाली हेलियमही शोषायला लागतो, पण तोपर्यंत आपले काम झालेले असते.)

१९७४ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील गटाने नवा हिशेब मांडून दाखवला की हा पट्टा बंद नाही. या गटात स्टुअर्ट बॉयर होते. पुढच्याच वर्षी संधी आली. जुलै १९७५ मध्ये अमेरिका आणि सोव्हिएत संघाची याने अंतराळात जोडली गेली, ती अपोलो-सोयुझ मोहीम. त्यात बॉयर यांच्या गटाची एक छोटी ईयूव्ही दुर्बीण होती. सुमारे तीस ठिकाणी रोखली, चार ठिकाणी सिग्नल मिळाला. त्यातला एक एचझेड ४३ हा श्वेत बटू, अरुंधती केश तारकासमूहातला, जवळपास २०० प्रकाशवर्षांवरचा. आणि दुसरा? खुद्द प्रॉक्सिमा!

दुर्बीण बनवायची कशी?

इथे आपल्या इंजिनीअरिंगचा भाग येतो. ईयूव्ही प्रकाश काच पिऊन टाकते, म्हणून भिंग चालत नाही. साधा आरसा समोरून आलेला हा प्रकाश परत पाठवत नाही, शोषून घेतो. मग काय करायचे? तळ्यात चपटा खडा तिरपा फेकला की तो बुडत नाही, टप्पे खात पलीकडे जातो. तसाच फोटॉनही आरशाला अगदी घासून गेला तर परावर्तित होतो. म्हणून या दुर्बिणीचा आरसा ताटलीसारखा नसून नळकांड्यासारखा असतो आणि प्रकाश त्याच्या आतल्या भिंतीला घासत केंद्राशी जातो. फिल्टर म्हणजे धातूचे केसापेक्षा कितीतरी पातळ पापुद्रे. रॉकेटच्या हादऱ्यात ते फाटू नयेत ही वेगळीच डोकेदुखी.

अशा चार दुर्बिणी घेऊन ७ जून १९९२ रोजी एक्स्ट्रीम अल्ट्राव्हायोलेट एक्सप्लोरर (ईयूव्हीई) हा नासाचा उपग्रह सुटला. त्याने सहा महिन्यांत सगळे आकाश चाळले. जिथे काहीच दिसणार नव्हते तिथून शेवटी ८०१ उगमांची यादी तयार झाली. १९९७ मध्ये पैसे वाचवण्यासाठी त्याचे संचालन बर्कले विद्यापीठाकडे सोपवले आणि बरीचशी देखरेख सॉफ्टवेअरवर टाकली. तरी तो जानेवारी २००१ पर्यंत काम करत राहिला.

जवळचे तारे, नव्याने

या यादीत मुख्यतः दोन प्रकारचे तारे होते. एक, तापलेले श्वेत बटू. व्याध-ब चे तापमान सुमारे २५,००० अंश, म्हणून तो ईयूव्हीत आपल्या मोठ्या भावाला मागे टाकतो. दुसरे, पृष्ठभाग थंड पण भोवतीचा प्रभामंडल प्रचंड तापलेला असे तारे. ब्रह्महृदय ४३ प्रकाशवर्षांवर आहे. त्याचा पृष्ठभाग सुमारे ५,००० अंशांचा, पण ईयूव्हीईला त्याच्याकडून सतरा-अठरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाच्या रेषा मिळाल्या. म्हणजे साठ लाख अंशांच्या आसपासचा वायू!

आणि अधारा? तो तर ४०० हून जास्त प्रकाशवर्षांवर. तरी पहिला नंबर कसा? कारण त्याच्या दिशेने हायड्रोजन जवळजवळ नाहीच, एखाद्या मोकळ्या बोगद्यासारखी वाट आहे. आपला सूर्य अशाच विरळ पोकळीत आहे. तिला लोकल बबल म्हणतात. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार सुमारे १००० प्रकाशवर्षे रुंदीचा हा बुडबुडा १ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी सुरू झालेल्या सुमारे पंधरा सुपरनोव्हा स्फोटांनी तयार झाला. या बुडबुड्यात नसतो, तर जुने उत्तर कदाचित खरेही ठरले असते.

मग आता काय?

जुलै १९९२ मध्ये ईयूव्हीईने एयू मायक्रोस्कोपी या ३२ प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्यावर एक मोठा भडका टिपला. २०२० साली त्याच ताऱ्याभोवती ग्रह सापडल्याचे जाहीर झाले. प्रॉक्सिमालाही ग्रह आहे हे २०१६ मध्ये कळले. आता सगळ्यांचा एकच प्रश्न, या ग्रहांवर हवा टिकली असेल का? ग्रहाच्या वरच्या थरातली हवा तापवून अवकाशात उडवून लावणारा मुख्य गुन्हेगार म्हणजे ताऱ्याचा ईयूव्ही आणि क्ष-किरण प्रकाश. म्हणजे उत्तर याच पट्ट्यात आहे.

आपल्याकडेही अतिनीलमध्ये चांगले काम झाले आहे. २०१५ च्या अ‍ॅस्ट्रोसॅटवर अतिनील दुर्बीण होती, तिच्या उभारणीत पुण्याच्या आयुकाचा सहभाग होता. २०२३ च्या आदित्य-एल१ वरची सूट ही दुर्बीण तर आयुकानेच साकारली, ती आपल्या सर्वांत जवळच्या ताऱ्याकडे, म्हणजे सूर्याकडे, अतिनीलमध्ये पाहते. पण या दोन्ही ९१.२ च्या वरच्या बाजूला.

ताऱ्यांसाठी ईयूव्हीईच्या तोडीची दुर्बीण त्यानंतर उडालेली नाही. आज शास्त्रज्ञ एका बाजूने हबलचे अतिनील आकडे घेतात, दुसऱ्या बाजूने क्ष-किरणांचे, आणि मधली रिकामी जागा गणिताने भरतात. गणित उत्तमच आहे. पण १९५९ मध्येही ते उत्तमच होते, नाही का?

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी न्यूमरिकल सोडवताना ‘अझ्यूम’ असे लिहाल, तेव्हा क्षणभर थांबा आणि विचारा, हे कोणी मोजले आहे का? आणि गच्चीवर गेलात तर व्याधाच्या खाली बघायला विसरू नका!