चौघांची मुंबई, बेतातल्या खर्चात

मित्रांच्या सहलीचं बजेट बहुधा ज्याच्या खिशात सगळ्यात जास्त पैसे असतात त्याच्या अंदाजानं ठरतं आणि बाकीचे माना डोलावतात. खरं तर ज्याला सगळ्यात कमी जमणार आहे, त्याचा आकडा आधी विचारायला हवा. तोही तिकिटं काढण्यापूर्वी आणि एकेकट्याला गाठून. ग्रुपवर सगळ्यांदेखत ‘मला एवढे नाही जमणार’ असं लिहिणं फार जड जातं. मग तो मित्र येतच नाही, किंवा येतो आणि दोन दिवस मनातल्या मनात हिशेब करत फिरतो. तो आकडा एकदा हातात आला की बाकीची आखणी सोपी होते.

समजा, कोल्हापूरहून चौघं जण दोन दिवसांसाठी मुंबईला निघालेत. महालक्ष्मी एक्सप्रेस रात्रभर धावून सकाळी सीएसएमटीला सोडते आणि परतीचा प्रवासही रात्रीचाच. म्हणजे मुक्कामाची एकच रात्र उरते. त्या रात्रीसाठी लांबच्या उपनगरात खोली स्वस्त मिळते खरी, पण तिथून रोज शहरात यायचं-जायचं म्हणजे दिवसातले तीन तास गेले, आणि रात्री उशीर झाला की रिक्षा-टॅक्सीत ती बचतही गेली. त्यापेक्षा स्टेशनातल्या रिटायरिंग रूमची चौकशी आधी करावी. कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाच्या पीएनआरवर तिचं ऑनलाइन बुकिंग होतं. मुंबई सेंट्रल स्टेशनात २०२१ पासून पॉड हॉटेलही आहे. सामान क्लोकरूममध्ये टाकावं, मात्र बॅगेला कुलूप हवं. त्याशिवाय ती ठेवून घेत नाहीत.

शहरात फिरताना बस नेहमीच टॅक्सीपेक्षा स्वस्त पडते, असं आपण धरून चालतो. चौघं असले की हे गणित बदलतं. मे २०२५ पासून बेस्टच्या साध्या बसचं किमान भाडं १० रुपये आहे, एसी बसचं १२. चौघांचे झाले ४० ते ४८. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं आहे ३१ रुपये, म्हणजे माणशी आठसुद्धा नाहीत. जवळच्या अंतराला टॅक्सीच परवडते. अंतर वाढलं की पारडं फिरतं. सीएसएमटीहून दादरला टॅक्सी दोनशेच्या आसपास जाईल, तर लोकलच्या सेकंड क्लासचं तिकीट माणशी ५ रुपये. फक्त सकाळी ऑफिसच्या वेळेला शहराकडे येणाऱ्या लोकलमध्ये नवख्यानं शिरू नये. आणि ग्रुप पाचाचा झाला तर टॅक्सी दोन लागतात, खोलीतही जादा खाट. म्हणून जमलं तर चारच किंवा मग थेट आठ.

दक्षिण मुंबईत मात्र पायी फिरण्यासारखं दुसरं काही नाही. ओव्हल मैदानाच्या मधोमध उभं राहिलं की एका बाजूला राजाबाई टॉवर, विद्यापीठ आणि हायकोर्टाच्या दगडी गॉथिक इमारती दिसतात, दुसऱ्या बाजूला गोलसर बाल्कन्यांची आर्ट डेको घरं. या दोन्हींना मिळून २०१८ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा ठरवलं. हे बघायला एक रुपया लागत नाही. पुढे काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरी फुकट, गावदेवीचं मणिभवनही फुकट. पण वार बघून निघावं. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, राणीची बाग बुधवारी. बंद दारावरून परत फिरण्यात जेवढे पैसे वाया जातात, तेवढे कुठल्याच तिकिटात जात नाहीत.

घारापुरीवर काटकसर करू नये. लाँचचं भाडं आणि लेण्यांचं तिकीट मिळून माणशी काहीशे रुपये होतात, पण त्या अंधाऱ्या सभामंडपात सदाशिवाच्या भव्य मूर्तीसमोर उभं राहणं हे त्या सहलीतलं सगळ्यात मोलाचं असतं. तिथले पैसे खाण्यातून वाचवावेत. दोन्ही वेळ थाळी घेऊ नये. ती वाटून खाऊ देत नाहीत आणि चौघांपैकी दोघांना तेवढी भूक नसतेच. दोन भाज्या, पोळ्या आणि एक भात चौघांत पुरतो. सीएसएमटीसमोर ‘आराम’चा वडापाव आहे, धोबी तलावला १९०४ पासून चालू असलेल्या कयानीत बन मस्का आणि चहा आहे. पाण्याच्या बाटल्या घरून आणून भरत राहाव्यात. चौघांच्या दोन दिवसांच्या विकतच्या पाण्यात एका वेळचा नाश्ता निघतो.

पैशांचं एक पथ्य कडक पाळावं. निघतानाच प्रत्येकानं सारखी कॉन्ट्री काढून एकाकडे द्यावी आणि सगळा सामायिक खर्च त्यातूनच व्हावा. दर चहाला वेगळा माणूस जीपे करत राहिला की तिसऱ्या दिवशी कोणालाच काही आठवत नाही, आणि जो भिडस्त असतो त्याचेच पैसे बुडतात. बिअर, शॉपिंग, कुलाब्यातले गॉगल ज्याचे त्यानं बघावेत. न पिणाऱ्याच्या माथी पिणाऱ्यांचं बिल मारू नये. रोज रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटं हिशेब मोठ्यानं वाचावा. कॉन्ट्री संपत आली असेल तर दुसऱ्या दिवशीचं एक ठिकाण तेव्हाच गाळता येतं. ऐन वेळी कोणाला घरी फोन करून पैसे मागवावे लागत नाहीत.