शनीशी नजरभेट

माझी रास मकर. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ह्यांचं दुकान बसलं, तेव्हा सासूबाईंनी एका वाक्यात निकाल दिला, "साडेसाती आहे तिची." म्हणजे खापर माझ्याच डोक्यावर! तेव्हापासून दर शनिवारी मारुतीला तेल आणि रुईची माळ सुरू झाली.

२०२२ च्या दिवाळीच्या सुट्टीत लेकीच्या शाळेच्या मैदानावर दुर्बीण लावली होती. सासूबाईही आल्या, पण लांब खुर्चीवर बसून राहिल्या. म्हणे शनीच्या नजरेला नजर देऊ नये. शिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना २०१६ पर्यंत चढू देत नव्हते, आठवतं ना? इथे मात्र रांगेत निम्म्या बायकाच!

माझा नंबर आला. छातीत धडधड. आणि दिसलं काय, तर फिकट पिवळा, इवलासा गोळा आणि त्याभोवती नाजूक कडं. इतकं सुबक की कुणीतरी काचेवर चिकटवलंय असंच वाटलं. १६१० मध्ये गॅलिलिओला ही कडी नीट दिसली नव्हती, त्याला शनीला कान फुटल्यासारखे वाटले होते.

विज्ञानाचे सर सांगत होते, ही कडी म्हणजे बर्फाचे तुकडे. कणाएवढे, काही घराएवढे. रुंदीला पावणेतीन लाख किलोमीटर पसरलेली, पण जाडी बहुतेक ठिकाणी जेमतेम दहा मीटर! बाजूचा ठिपका टायटन, शनीचा सगळ्यात मोठा चंद्र. तिथे मिथेनचा पाऊस पडतो, मिथेनचीच तळी आहेत. २००५ च्या जानेवारीत हायगेन्स यान तिथे उतरलं. एन्सेलाडस नावाचा चंद्र तर जेमतेम पाचशे किलोमीटरचा, पण त्याच्या बर्फाखाली समुद्र आहे आणि भेगांतून पाण्याचे फवारे उडतात. २०१० च्या अखेरीस शनीवर उठलेलं वादळ पसरत पसरत पूर्ण ग्रहाला वेढून आलं होतं. ते महिनोन् महिने चाललं.

मी हळूच विचारलं, "सर, साडेसाती?" ते हसले. शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात. बारा राशींत वाटली की एकीला अडीच, तिघींना साडेसात. हिशेब एवढाच, त्याच्या संथ चालीचा. आमच्या दुकानाचा त्यात कुठे संबंध, हे मी सासूबाईंसमोर मोठ्यानं विचारलं नाही. पण त्यांनी ऐकलं होतं. उठल्या, पदर सावरून डोळा लावला. बराच वेळ बोलेनात.

"मला चौऱ्याहत्तर झाली. याच्या किती फेऱ्या झाल्या?"

"अडीच, आजी," लेक म्हणाली.

"म्हणजे तिसरी चालू आहे," म्हणत त्यांनी पुन्हा डोळा लावला. मागची रांग खोळंबली होती.