बेस गिटारच्या तारा: आधी वेष्टण, मग जाडी, शेवटी कंपनी

लेखांक ६

मागच्या लेखात पिकअपबद्दल लिहिताना एक गोष्ट मुद्दाम मागे ठेवली होती. पिकअप आवाज तयार करत नाही. तार जशी थरथरते, तशी ती थरथर तो विजेत उतरवतो. तारच मंद झाली असेल, तर महागातला महाग पिकअपही मंदच वाजणार. म्हणून आपल्या बेस गिटारचा आवाज आवडेनासा झाला की पहिला हात तारांना लावावा; अ‍ॅम्प, पेडल, पिकअप यांची पाळी नंतर. तरीही आपल्याकडे बहुतेक वादक गिटार विकत घेताना जी तार लावलेली असते, तीच वर्षानुवर्षं वाजवतात आणि दुकानात गेलेच तर ‘बेसचा सेट द्या’ एवढंच म्हणतात. मग दुकानदाराच्या हाताला जो सेट लागेल तो घरी येतो. हे बदलावं, एवढ्यासाठी हा संपूर्ण लेख तारांना दिला आहे.

आधी तार उघडून पाहू. चार तारांच्या बेसवर खालचा ई सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावतो आणि सगळ्यात वरचा जी ९८ वेळा. दोन्ही तारांची लांबी तीच, आणि बोटाला ताणही साधारण सारखाच लागायला हवा. मग सूर खाली आणायचा उपाय एकच उरतो, तो म्हणजे वजन. कंपनसंख्या निम्मी करायची तर वजन दुप्पट करून भागत नाही, चौपट करावं लागतं. या हिशेबाने ईची तार जीच्या तारेपेक्षा साडेपाच पटींहून जड भरते. तानपुऱ्यातही हेच गणित आहे. तिथे जोडीच्या तारा बारीक पोलादी असतात आणि खर्जासाठी जाड पितळी तार चढवतात.

बेसवर मात्र नुसती जाड पोलादी तार चालत नाही. तार जितकी जाड, तितकी ती ताठ. ताठ तारेचे उपस्वर आपल्या जागी न राहता थोडे चढे निघतात, आणि मग सूर बरोबर लावूनही खालची तार बेसूर, बद्द वाजते. म्हणून मधे बारीक, लवचीक पोलादी गाभा ठेवतात आणि त्यावर दुसरी तार वेटोळ्यांनी गुंडाळतात. गाभा ताण सोसतो, वेष्टण वजन देतं. जाड तारांवर अशी दोन-तीन वेष्टणं एकावर एक असतात. गाभ्याची रुंदी, वेष्टणाचा आकार आणि वेष्टणाचा धातू या तीन गोष्टींत बेसच्या तारेचा सगळा स्वभाव आला. माझ्या मते त्यातली सगळ्यात निर्णायक गोष्ट वेष्टणाचा आकार ही आहे.

लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणली, तेव्हा तिच्यावर फ्लॅटवाउंड तारा असायच्या. म्हणजे बाहेरचं वेष्टण गोल तारेचं नसून चपट्या पट्टीचं, त्यामुळे तारेवरून बोट फिरवलं तर ती काचेसारखी गुळगुळीत लागते. आवाज गोल, भरीव, थोडा दबलेला. उभ्या डबल बेसची सवय असलेल्या कानांना तो ओळखीचा वाटला. या तारांचं मोल समजून घ्यायचं तर डेट्रॉइटला मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत जायला हवं. तिथे जेम्स जेमरसन साठच्या दशकात एकामागून एक गाजलेली गाणी वाजवत होता. त्याची बेस होती १९६२ ची प्रिसिजन, तारा ला बेलाच्या जाड फ्लॅटवाउंड, ५२ ते ११० गेजच्या (गेज म्हणजे जाडी, तिचा हिशेब पुढे येईल), आणि फ्रेटपासून चांगल्याच उंच बसवलेल्या. ब्रिजच्या झाकणाखाली फोमचा तुकडा. उजव्या हाताचं एकच बोट. तार तुटली तरच तो ती बदलायचा, एरवी नाही. घामाने, मळाने मुरलेल्या त्या तारांमधून निघणारा ठोकळ, क्षणात विरणारा स्वर हाच त्या गाण्यांचा पाया होता. त्याच काळात मेम्फिसमध्ये स्टॅक्स कंपनीच्या गाण्यांवर डोनाल्ड ‘डक’ डन आणि लॉस एंजेलिसमध्ये कॅरल के हेही फ्लॅटवाउंडच वाजवत होते. साठच्या दशकातली अमेरिकन गाणी ऐकताना बेसचा जो ऊबदार ठोका कानाला लागतो, त्यात या चपट्या पट्टीचा मोठा वाटा आहे.

इंग्लंडमध्ये मात्र एका माणसाला हा आवाज नकोच होता. ‘द हू’चा जॉन एंटविसल बेसवर सोलो वाजवायचा आणि आपला प्रत्येक स्वर पियानोच्या खालच्या पट्टीसारखा टणत्कारून उठावा असं त्याला वाटे. १९६५ मध्ये ‘माय जनरेशन’च्या ध्वनिमुद्रणासाठी त्याने डॅनइलेक्ट्रो बेस घेतली, ती केवळ तिच्यावरच्या बारीक, चमकदार तारांसाठी. तार तुटली तर सुटी तार इंग्लंडमध्ये मिळेना, म्हणून दर वेळी त्याला नवी गिटारच घ्यावी लागली. शेवटी कंटाळून त्याने ते गाणं दुसऱ्या बेसवर मुद्रित केलं. पुढच्याच वर्षी तो आपली बेस घेऊन रोटोसाउंड या तारा बनवणाऱ्या इंग्लिश कंपनीकडे गेला. खालच्या ई आणि ए या तारा नीट थरथरत नाहीत ही त्याची तक्रार होती. मनासारखा आवाज येईपर्यंत तिथे तारा बनवल्या गेल्या. त्यातून ‘स्विंग बेस ६६’ हा गोल वेष्टणाचा, स्टेनलेस स्टीलचा सेट जन्मला. नावातला ६६ हा त्या वर्षाचाच. आज जगभर बेसवर सर्वाधिक दिसणारी राउंडवाउंड तार तिथून रूढ झाली.

राउंडवाउंडवर बोट फिरवलं की खरखर जाणवते. वेटोळ्यांमधल्या खाचा हे या तारेचं बळ आहे आणि दुखणंही. उपस्वर भरपूर, स्वर लांब टिकतो, अंगठ्याने स्लॅप वाजवला तर तडतडीत उठतो. मार्कस मिलरचा तो लखलखीत आवाज स्टीलच्या राउंडवाउंडशिवाय निघत नाही. पण बोट सरकताना चिरचिर ऐकू येते, आणि फ्रेट लवकर झिजतात. फ्रेट नसलेल्या, म्हणजे फ्रेटलेस बेसवर तर थेट लाकूड कापलं जातं. जॅको पास्टोरियसने आपल्या फ्रेटलेस बेसच्या फिंगरबोर्डवर बोटींसाठी वापरतात तसा एपॉक्सीचा कडक थर चढवला, तो याचसाठी. तारा स्विंग बेस ६६ च्याच हव्या होत्या आणि लाकूडही वाचवायचं होतं.

म्हणजे जाझला फ्लॅट आणि रॉकला राउंड, असा सरळ नियम मांडता येईल का? नाही. आयर्न मेडनचा स्टीव्ह हॅरिस हेवी मेटल वाजवतो, तेही ५० ते ११० गेजच्या जाड फ्लॅटवाउंडवर. त्याच्या बोटांचा वेग आणि जोर असा, की गुळगुळीत तारेतूनही घोड्याच्या टापांसारखा आवाज उठतो. त्यामुळे कोणत्या शैलीला कोणती तार, हे विचारण्यापेक्षा आपल्या बोटांतून काय निघतं आणि बँडमध्ये बाकीची जागा कोण व्यापतं, हे पाहावं. दोन गिटार आणि कीबोर्ड असलेल्या ऑर्केस्ट्रात राउंडवाउंडचे वरचे उपस्वर इतरांत मिसळून जातात. तिथे फ्लॅटवाउंडचा गोल स्वर स्वतःची जागा नीट धरतो. तीन जणांच्या बँडमध्ये उलट, रिकामी जागा भरायला राउंडवाउंडच लागते.

दोन्हींच्या मधल्या तारांबद्दल थोडक्यात. गोल वेष्टण गुंडाळून मग वरून घासून सपाट केलेल्या तारांना हाफवाउंड किंवा ग्राउंडवाउंड म्हणतात. बोटाला बऱ्या, आवाज अधला-मधला. मला त्या फारशा पटत नाहीत, कारण दोन्हींतलं थोडं थोडं मिळतं, पुरेसं काहीच मिळत नाही. काळ्या नायलॉनची पट्टी गुंडाळलेल्या टेपवाउंड तारा मात्र फ्रेटलेसवर फार सुंदर वाजतात. नायलॉनला चुंबक पकडत नाही, पण आत पोलाद असल्याने पिकअपचं काही अडत नाही.

वेष्टणाचा धातू हा दुसऱ्या पायरीचा प्रश्न. स्टेनलेस स्टील सर्वांत तेज आणि खरखरीत. निकेलचा मुलामा दिलेलं पोलाद त्याहून मऊ, फ्रेटला सौम्य. बाजारातले बहुतेक सेट याचेच. शुद्ध निकेलचा आवाज जुन्या रेकॉर्डसारखा निवांत. नवशिक्याने निकेलच्या मुलाम्याची तार घ्यावी आणि पुढचा प्रवास कानावर सोपवावा.

आता जाडी. पाकिटावरचे आकडे इंचाच्या हजाराव्या भागात असतात. ४५-६५-८५-१०५ हा आज सर्वांत रूढ सेट. म्हणजे जीची तार सुमारे १.१४ मिलिमीटर आणि ईची सुमारे २.६७ मिलिमीटर. हलका सेट ४० ते १००, भारी सेट ५० ते ११०. चाळीस आणि पंचेचाळीस यांत फरक काय तो, असं वाटतं. जेमतेम मिलिमीटरचा आठवा हिस्सा. पण ताण जाडीच्या वर्गाने वाढतो. त्याच सुरात ठेवलेली ४५ ची तार ४० च्या तारेपेक्षा चतुर्थांशाहून अधिक ताणाची असते. तो फरक मनगटाला पहिल्या तासात कळतो. बारीक बोटांच्या, नव्याने शिकणाऱ्या वादकाने हलका सेट घेण्यात काही कमीपणा नाही. उलट ई खाली डीपर्यंत उतरवून वाजवणाऱ्याला जाड तारच लागते, नाहीतर ती लोळते आणि फ्रेटवर आपटते.

एकेका तारेचा ताण साधारण १६ ते २३ किलो असतो. चार तारांचा मिळून पाऊणशे किलोच्या आसपास ओढ त्या लांब मानेवर सतत असते. म्हणून सेट हलक्यावरून भारीवर नेला की मान पुढे वाकते, मानेच्या आतला ट्रस रॉड थोडा आवळावा लागतो, ब्रिजवरचं इंटोनेशन पुन्हा जुळवावं लागतं, आणि नटमधल्या खाचा अरुंद असतील तर त्याही रुंद कराव्या लागतात. नवी तार लावल्यावर गिटार बिघडली अशी तक्रार ऐकू येते, तिचं कारण बहुधा हेच असतं.

लांबीकडे मात्र डोळेझाक करू नका. फेंडरसारख्या बहुतेक बेसवर नटपासून ब्रिजपर्यंतची लांबी ३४ इंच. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीच्या हातात दिसणारी व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर ३० इंचांची. पाच तारांच्या कित्येक बेस ३५ इंचांच्या, कारण सगळ्यात खालचा बी सेकंदाला ३१ कंपनांपर्यंत उतरतो आणि त्याला लांबी मिळाली तरच तो स्वच्छ वाजतो. पाकिटावर शॉर्ट, मीडियम, लाँग असं लिहिलेलं असतं, ते वाचूनच सेट घ्यावा. तारेच्या टोकाशी रेशमी धाग्याची गुंडाळी असते. ती नटच्या आत फिंगरबोर्डवर आली तर तार आपल्या गिटारला आखूड आहे, असं समजावं.

तार चढवतानाची एक गोष्ट जवळून सांगतो, कारण चांगले सेट इथेच वाया जातात. तार खुंटीच्या पुढे दीड-दोन खुंट्यांइतकी सोडून आधी काटकोनात वाकवायची, आणि मग वाकवलेल्या जागेच्या पुढे कापायची. सरळ तारच कापली तर, विशेषतः गाभा गोल असेल तर, वेष्टण गाभ्यावर सैल होतं आणि ती तार पुन्हा कधी स्वच्छ वाजत नाही. कापलेलं टोक खुंटीच्या मधल्या भोकात घालून वेढे वरून खाली उतरवायचे, दोन-तीन पुरेत. खाली उतरलेल्या वेढ्यांमुळे तार नटवर घट्ट बसते.

तारा मरतात त्या घामाने आणि बोटांच्या मळाने. तो राउंडवाउंडच्या खाचांत साठतो, वजन असमान होतं, उपस्वर गिळले जातात. कोकण, गोवा आणि मुंबईच्या दमट हवेत हे फार लवकर होतं. पावसाळ्यात उघडी ठेवलेली बेस काही आठवड्यांत गंजाचे ठिपके दाखवते. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने तार वरून आणि खालूनही पुसावी. एवढ्याने तिचं आयुष्य चांगलंच वाढतं. पैशाची ओढ असेल तेव्हा वादक जुन्या राउंडवाउंड तारा पाण्यात उकळून मळ काढतात. चमक परत येते, पण फार दिवस टिकत नाही, आणि दर उकळीगणिक कमी टिकते. पॉलिमरचा पातळ थर दिलेल्या तारा महाग असल्या तरी किनाऱ्यावर राहणाऱ्यांना परवडतात, कारण त्या कितीतरी जास्त काळ चालतात. फ्लॅटवाउंड तर जुनी होऊन मुरली की अधिकच चांगली वाजते, आणि वर्षानुवर्षं बदलावी लागत नाही. बेसचा सेट सहा तारांच्या गिटारच्या सेटपेक्षा कितीतरी महाग पडतो, तेव्हा हा हिशेबही निवडीत धरावा.

ज्यांनी आजवर फक्त राउंडवाउंड वाजवली आहे, त्यांना एक विनंती. पुढचा सेट फ्लॅटवाउंडचा घ्या आणि निदान महिनाभर तो उतरवू नका. पहिल्या दोन दिवसांत आवाज मेल्यासारखा वाटेल. तेव्हाच निकाल देऊ नका. काढलेल्या राउंडवाउंड तारा फेकू नका, पुसून, गुंडाळून पाकिटात ठेवा. पुढच्या लेखांकात ट्रस रॉड आणि इंटोनेशन हाताने कसं जुळवायचं ते पाहणार आहोत, तेव्हा जुना आणि नवा असे दोन्ही सेट हाताशी लागतील.