खांद्यावरची होडी

होडीनें माणसास वाहून न्यावें हा जगाचा रिवाज. परंतु कॅनडाच्या अरण्यांत माणसालाच होडी खांद्यावर घेऊन चालावें लागतें. तेथील भूमि असंख्य तळ्यांनीं व्यापलेली असून दोन तळ्यांमध्यें कोठें खडकाळ जमीन, तर कोठें नदीचा धबधबा आडवा येतो. अशा जागीं ‘कनू’ नांवाची निमुळती होडी व सामान वाहून पलीकडे नेण्यास फ्रेंच भाषेंतील ‘पोर्टेज’ हें नांव आहे. सुपीरिअर सरोवराकाठचें ‘ग्रँड पोर्टेज’ तर साडेआठ मैलांचें! अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत कातड्यांच्या व्यापारांतील नावाडी तेथून ९० पौंडांचीं दोन-दोन गांठोडीं कपाळपट्टा लावून पाठीवर नेत असत.

लांकूड व कॅनव्हास यांची १६ फुटी कनू सुमारें ७० पौंड भरते. धट्टाकट्टा मनुष्य ती सहज उचलतो. मग फर्लांगभर चालतांच तो कां थकतो? होडी पुढें कलते, आणि ती सांवरतां सांवरतां दंड भरून येतात.

उपाय साधा आहे. होडीच्या दोन्ही कडांस जोडणाऱ्या मधल्या दांड्याच्या जागीं खांद्यांवर टेकणारें लांकडी जोखड बसवितात. प्रथम रिकामी होडी दोघांनीं समोरासमोर कडा धरून उचलावी, आणि जेथें धरल्यास ती कोणत्याच टोकाकडे झुकत नाहीं, तेथें खडूनें खूण करावी. जोखड या खुणेपासून बोटभर पुढच्या टोकाकडे बसवावें. म्हणजे मागची बाजू किंचित् जड होऊन पुढचें टोक वर राहतें व उपड्या होडीखालून वाट दिसते. वाट दिसणें ही केवळ सोय नव्हे. ओल्या दगडावरून पाय घसरून घोटा मोडला, तर वैद्य कित्येक मैल दूर असतो.

जोखडाच्या मध्यभागीं मानेपुरती खोलगट कोर ठेवावी. मानेच्या मणक्यावर भार पडतां कामा नये. खांद्यांखालीं मऊ गाद्या लावाव्या. आपल्याकडे बायका हंड्याखालीं चुंबळ ठेवितात, त्यांतील युक्ति हीच. होडींतील पाणी ओतून टाकावें आणि वल्हीं घट्ट बांधावीं. तीं सरकलीं कीं साधलेला तोल बिघडलाच.

ओझेंच हलकें करणें हा दुसरा मार्ग. जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स हा अमेरिकन लेखक ठेंगणा, कृश व आजारी होता. १८८३ सालीं, वयाच्या ६१ व्या वर्षीं, रश्टन नांवाच्या कारागिराकडून त्यानें अवघ्या साडेदहा पौंडांची होडी करविली, आणि अ‍ॅडिराँडॅक पर्वतांतील तळ्यांतून २६६ मैलांचा प्रवास केला. होडी वाहण्यास वाटाड्या ठेवण्याची गरज त्यास उरली नाहीं.

परंतु ती होडी एकाच हलक्या माणसाची. दोघांतिघांस सामानासह नेणारी होडी इतकी हलकी कोठून व्हावी? १९६५ सालीं शोध लागलेल्या केव्लार धाग्यामुळें पुढें ४० पौंडांच्या आंतबाहेरच्या कनू निघाल्या. तरी जोखड कांहीं गेलें नाहीं. हलकी होडी वाऱ्यानें अधिकच हेलकावते. तिलाही तोल हवाच. म्हणून प्रवासास निघण्यापूर्वीं खडूची ती खूण करण्यांत घरच्या अंगणांत घटकाभर वेळ गेला, तर तो व्यर्थ गेला असें कोणी मानूं नये. अरण्यांतील प्रत्येक मैलास तो वेळ व्याजासह परत मिळतो.