5 शतांश सेकंदांनी गोल्ड हुकलं, पण केनियाची सद्दी मोडली. बीडच्या अविनाश साबळेनं हे जमवलं कसं?

6 ऑगस्ट 2022, बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थ गेम्समधली 3000 मीटर स्टीपलचेस. पुढं केनियाचे तिघं आणि त्यांच्या मागं चिकटून आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे. या शर्यतीत 1998 ते 2018 अशा सलग सहा स्पर्धांची तिन्ही पदकं, म्हणजे अठराच्या अठरा, केनियानं नेली होती. त्यामुळं खरी चुरस चौथ्या नंबरासाठीच, असं धरून चालणारे कमी नव्हते.

शेवटच्या लॅपला अविनाशनं गिअर टाकला. एकेकाला मागं टाकत तो अब्राहम किबिवोटच्या खांद्याला खांदा लावून रेषेवर आला. किबिवोट 8:11.15, अविनाश 8:11.20. सिल्व्हर!

आता, स्टीपलचेस म्हणजे काय ते आधी बघू. ट्रॅकचे साडेसात फेरे, त्यात 28 अडथळे आणि 7 वेळा पाण्यावरची उडी. अडथळा साधारण तीन फूट उंच आणि हर्डल्ससारखा पाय लागला की पडणारा नाही. पाय अडकला तर पडणार तुम्हीच. त्यात घोळक्यात पळताना समोरचा उडी मारेपर्यंत पुढचा अडथळा नीट दिसतही नाही.

अविनाशची अडचण नेमकी इथंच होती.

शेतकऱ्याच्या घरातलं पोर, शाळा गावापासून सहा किलोमीटर, बारावीनंतर सैन्याच्या महार रेजिमेंटमध्ये भरती, मग सियाचीनची ड्युटी. पळणं सैन्यात गंभीर झालं आणि कोच अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडं वळवलं. 2018 साली भुवनेश्वरला 8:29.80 वेळ देत त्यानं गोपाळ सैनी यांचा 37 वर्षं जुना राष्ट्रीय विक्रम मोडला. त्यानंतर तो विक्रम मोडत राहिला तो स्वतःचाच. भारतात त्याला टक्कर देणारं कुणी उरलंच नव्हतं. बंदूक वाजली की पुढं निघायचं आणि घड्याळाशी भांडायचं. बघायला मजा यायची, पण घोळक्याची सवय काही लागत नव्हती.

2019 च्या दोहा वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या हीटमध्ये दुसऱ्यांच्या पडापडीत तो अडकला. भारतानं दाद मागितल्यावर फायनलमध्ये जागा मिळाली. टोकियो ऑलिम्पिकमध्ये 8:18.12 असा राष्ट्रीय विक्रम करूनही फायनल हुकली.

सगळ्यात बोलका किस्सा जुलै 2022 चा. युजीनच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपची फायनल फारच संथ झाली. मोरोक्कोचा सुफियान एल बक्काली 8:25.13 मध्ये जिंकला. अविनाशनं जूनमध्येच रबातला 8:12.48 वेळ दिली होती, म्हणजे विजेत्यापेक्षा तब्बल बारा सेकंद कमी. तरी युजीनला तो अकरावा आला! कारण संथ शर्यतीत सगळेच शेवटच्या लॅपसाठी दम राखून ठेवतात. तिथं तुमचा जुना विक्रम कुणी विचारत नाही.

बर्मिंगहॅम त्यानंतर तीनच आठवड्यांनी झालं. तिथं शर्यत वेगानं पळवली केनियावाल्यांनीच, अविनाश फक्त सुटला नाही. आमच्या मते त्याची सगळ्यात शहाणी शर्यत हीच.

2023 च्या हांगझोऊ एशियन गेम्समध्ये मात्र तो जुन्याच पद्धतीनं सगळ्यांना सोडून एकटा पुढं पळाला आणि 8:19.50 मध्ये गोल्ड जिंकला. त्या पातळीवर ते चालून गेलं. जुलै 2024 मध्ये पॅरिस डायमंड लीगला 8:09.91, म्हणजे दहाव्यांदा राष्ट्रीय विक्रम. नंबर मात्र सहावा. महिनाभरानं तिथल्याच ऑलिम्पिकमध्ये तो या शर्यतीची फायनल गाठणारा पहिला भारतीय पुरुष ठरला आणि अकरावा आला.

मे 2025 मध्ये दक्षिण कोरियातल्या गुमीला एशियन चॅम्पियनशिपचं गोल्ड झालं. पण जुलैत मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये पाण्यावरच्या उडीला तो पडला. गुडघ्याचा लिगामेंट फाटला, ऑपरेशन करावं लागलं आणि सप्टेंबरमधली टोकियोची वर्ल्ड चॅम्पियनशिप हातची गेली.