मोहाचे लाडू खाल्लेत का?

मोह म्हटलं, की आपल्या डोळ्यांसमोर आधी येते ती दारू. "बाप्पा, चांगल्या घरात मोहाचं नाव कायले काढता?" असं माझ्या सासूबाई म्हणतात. पण मैत्रिणींनो, चैत्रात एकदा मेळघाटाकडे जाऊन मोहाच्या झाडाखाली उभ्या राहा, मग बोला!

अकोलेकरांना अकोटवरून शहानूर-नरनाळा जवळ, अमरावतीकरांना परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट. १९७३-७४ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांत आपलं मेळघाट होतं. त्यामुळे आत पायी भटकायचं नाही. पण मोह गावाच्या कडेला, शेताच्या बांधावरही असतो. सागाची पानं गळून सगळं करडं झालेलं, आणि मोहाखाली मात्र पिवळसर पांढऱ्या, रसाळ फुलांचा सडा! ही फुलं तोडावी लागत नाहीत, पहाटे आपोआप गळतात. मी एक तोंडात टाकलं. मधासारखं गोड, वास मात्र उग्र. माझ्या जाऊबाईंनी तर सरळ थुंकून टाकलं.

कोरकू बाया अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. पंचाईत अशी, की अस्वलालाही मोह फार आवडतो आणि त्याचीही वेळ तीच. "अस्वल आलं तर वं?" मी एकीला विचारलं. "वरडायचं अन् टोपली टाकून निंगायचं. फुलं काय, उद्या बी पडतीन," ती हसत म्हणाली. मला काही हसू आलं नाही.

पाचोळ्यात फुलं दिसावीत म्हणून काही जण झाडाखालचा पाला पेटवतात, आणि तोच वणवा डोंगरभर पसरतो. झाडाखाली जाळी किंवा जुनी लुगडी अंथरली, तर आगही लावावी लागत नाही आणि फुलंही स्वच्छ मिळतात. या बाईकडे तशीच लुगडी होती, म्हणून मी तिच्याकडूनच वाळलेली फुलं घेतली.

कॅनडात मेपलच्या झाडाचा रस आटवून पाक करतात. चाळीसेक लिटर रसातून जेमतेम एक लिटर निघतो. माझ्या मावसबहिणीनं तिकडून आणलेली बाटली आम्ही घरभर कौतुकानं चाटली. मग आपल्या झाडानंच काय पाप केलंय? राज्य सरकारनंही २०२१ साली मोहफुलं गोळा करण्यावरचे, साठवण्यावरचे निर्बंध उठवले. आता राहिलं आपलं स्वयंपाकघर.

तर लाडू असे करा. वाटीभर वाळलेली फुलं निवडा, आतले केसर काढून टाका. ते राहिले तर कडवटपणा येतो. भरभर धुऊन कापडावर कोरडी करा आणि मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परता. अर्धी वाटी तीळ, अर्धी वाटी शेंगदाणे वेगळे भाजा. सगळं मिक्सरमधून जाडसर काढा. गूळ अगदी चमचा-दोन चमचे, कारण फुलंच गोड असतात. तिळाच्या तेलानं लाडू आपोआप वळले जातात. नाहीच वळले, तर थोडं तूप घाला. वास उग्र वाटला तर वेलची टाका. भाजणं कमी झालं तर लाडू दातांना चिकटतात, तेवढं सांभाळा.

आमच्याकडे पहिला घाणा दोन दिवसांत संपला. थुंकणाऱ्या जाऊबाईंनी चार लाडू डब्यात घालून नेले.